वाघझिरीचं पारणं

उपास करणाऱ्या माणसांचा मला लहानपणापासून राग आहे. उपास एकाचा असतो आणि घरभर सगळ्यांनी पाय न वाजवता चालायचं असतं. आमच्या जैन घरात पर्युषणात हा प्रकार भरपूर चालायचा. कोणाची अठ्ठाई, म्हणजे आठ दिवस निव्वळ उकळलेल्या पाण्यावर राहणं, कोणाचा तेला, म्हणजे तसेच तीन दिवस. उपास करणारी गादीला टेकून बसायची आणि बाकीच्यांनी तिच्या पुण्याईचं कौतुक करत तिचे पाय चेपायचे. मी एकदा म्हटलंही होतं की पुण्य तिला आणि पाय दाबायचे आम्ही, हा कुठला न्याय! त्याबद्दल मार खाल्ला. तरी ज्या एका बाईबद्दल मला आज लिहावंसं वाटतंय, ती नेमकी आमच्या घरातली सगळ्यात मोठी उपासकरी होती.

सोहनबाई माझ्या आजोबांची थोरली बहीण. आम्ही पोरं तिला भुवासा म्हणायचो. आमचं घराणं मारवाडातून खांडबाऱ्याला आलं ते रेल्वेच्या मागोमाग. स्टेशन झालं, बाजार भरायला लागला, तसं माझ्या पणजोबांनी धान्याचं आणि किराण्याचं दुकान टाकलं, पुढे ते आजोबांनी, केवलचंदांनी, चालवलं. सोहनबाईचं लग्न लहानपणीच झालं होतं आणि नवरा तिच्या विशीच्या आतच गेला. ती भावाकडे परत आली आणि मग कायमची खांडबाऱ्याचीच झाली. उंच, हाडकुळी, कत्थई ओढणी, आणि आवाज असा खणखणीत की दुकानात मागच्या कोठीतून ती बोलली तर बाहेर गिऱ्हाईक दचकायचं. आजोबा शहाणे, हिशेबी, चार लोकांत मान असलेले. पण बहिणीपुढे त्यांचं काही चालत नसे.

तिचे नियम ऐकले तर डोकं फिरेल. सूर्य मावळला की पाण्याचा घोटसुद्धा नाही. पाणी गाळून, उकळून, थंड करून मगच. जमिनीखाली उगवणारी कुठलीही गोष्ट, कांदा, बटाटा, मुळा, गाजर, घरात आणायची नाही, कारण एका कंदात अनंत जीव असतात. हे ती तोंडदेखलं मानत नव्हती, मनापासून मानत होती. आमच्या दुकानात कांदा कधी विकला गेला नाही. आजोबांनी एकदा विचार बोलून दाखवला तेव्हा भुवासानं त्यांच्याकडे नुसतं बघितलं, आणि तो विषय तिथेच मिटला.

एकोणीसशे अठरा सालचा पाऊस श्रावणातच तोंड फिरवून गेला. नवापूरच्या डोंगरपट्टीत भात वाळला, नागली वाळली, आणि त्यातच ती इन्फ्लुएन्झाच्या तापाची साथ आली. लढाईमुळे बाहेरून धान्य येणं आधीच मुश्किल झालेलं. आसपासच्या व्यापाऱ्यांनी मिळून वर्गणी काढली, ओळखीपाळखी वापरून ज्वारीनं भरलेले आगगाडीचे काही डबे खांडबाऱ्याच्या स्टेशनावर उतरवून घेतले आणि वाटप आजोबांच्या गळ्यात टाकलं. दिवस उजाडायच्या आत स्टेशनाबाहेर टोपल्या घेऊन माणसं बसलेली असत. जी गावं चालत येण्याएवढी जवळ नव्हती, तिथे गाडीनं गोण्या जात.

आणि इथे भुवासानं पहिला घोळ घातला. ज्वारीत सोंडे झाले होते. जीवांसकट धान्य दळायला द्यायचं म्हणजे तिच्या हिशेबी हत्या. तिनं सगळ्या गोण्या फोडायला लावल्या, अंगणात बायका बसवल्या आणि चाळणीनं एकेक पायली चाळून घेतली. निघालेले सोंडे मारायचे नाहीत, तर सावलीत एका मडक्यात ठेवायचे, आणि वर त्यांना मूठभर ज्वारी! दारात माणसं भुकेनं बसलीत आणि ही बाई किडे पोसतेय, असं स्टेशनावरचा हमालसुद्धा म्हणाला. आजोबा लालबुंद झाले. भुवासा चाळता चाळता म्हणाली, "ओरडण्यापेक्षा तू एक चाळणी घे, लवकर होईल." आजोबांनी चाळणी घेतली.

ह्या धामधुमीत वाघझिरीचं नाव निघालं. वाघझिरी म्हणजे डोंगरात आत, ओढ्याच्या वर असलेला गावित आदिवासींचा पाडा. एरवी तिथली माणसं डिंक, चारोळी, मोहाची फुलं घेऊन बाजाराला यायची. त्या वर्षी तिकडून कोणीच उतरलं नाही. आजोबांनी रेंग्याला दुकानाची गाडी जुंपून गोण्या देऊन पाठवलं. रेंग्या आमच्या दुकानावरचा जुना गाडीवान, इथल्याच कोकणी आदिवासींपैकी, घरी लेकुरवाळा. तो दुसऱ्या दिवशी भरलेली गाडी घेऊन तसाच परत आला.

"शेठ, त्या लोके गाव बांधी बठनात," तो म्हणाला. "रस्तावर सूत बांधेल शे, शेंदूर लायेल खुटा शेतस. आत पाय टाकू देतस नही. दाना बी लेतस नही."

तापाची साथ गावात शिरू नये, शिरली असेल तर गावातून पुढे जाऊ नये, म्हणून त्या पाड्यात सगळ्यांनी मिळून शीव बांधायची रीत होती. गावाभोवती कच्चं सूत फिरवायचं, भगतानं खुंट ठोकायचे, आणि अमावास्येची पूजा होईपर्यंत बंदी पाळायची. पौर्णिमा होऊन गेली होती, अमावास्या आठवड्याहून जरा लांब होती. आजोबा हताश झाले. ते म्हणाले की देणाऱ्यानं किती वेळा दारात जायचं, बाकीचे पाडे वाट बघतायत, गाडी उद्या दुसरीकडे पाठवू. त्यांचं काही चुकलं नव्हतं. कोणीही हेच म्हणालं असतं.

भुवासा मात्र रेंग्याला म्हणाली, "बंद म्हणजे कसं बंद रे? आत जावानं बंद, का बाहेर येवानं बंद?"

"ते मी इचारं नही, माय."

"मग काय विचारून आलास?" असं म्हणून ती उठली. इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यात व्रत घेताना त्यातल्या सवलतीही तेव्हाच बोलून घ्यायच्या असतात. चुकून झालं तर चालेल, अमुक अडचण आली तर चालेल, असं. त्याला आगार म्हणतात. भुवासाचं आयुष्य ह्या व्रतांत आणि आगारांत गेलेलं. बाकी सगळ्यांना वाघझिरीची बंदी म्हणजे अडाणी हट्ट वाटला. तिला ते सरळ सरळ व्रत दिसलं, आणि व्रत आहे म्हणजे आगार असणारच, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः गाडीत बसली. आजोबांनी अडवायला पाहिलं. "बाईसा, तिथे ताप आहे." ती म्हणाली, "ताप तर खांडबाऱ्यातही आहे." वाघझिरीच्या शिवेवर गाडी थांबली तेव्हा ऊन चढलं होतं. रस्त्यावर आडवं पांढरं सूत, त्याला लिंबाचा पाला. पलीकडे झाडाखाली चार माणसं काठ्या घेऊन बसलेली. त्यांतला एक भगत, खात्या. गालफडं बसलेली, पण नजर कडक. गावित लोक आपसांत मावची बोलतात, आमच्याशी बाजारातली अहिराणी.

"माघारी जा, शेठानी," खात्या ओरडला. "बंदी मोडू नका."

भुवासा गाडीतून उतरली आणि सुताच्या अलीकडे धुळीत मांडी घालून बसली. "मी मोडाले नही उनी, बो. मी इचाराले उनी. तुम्हनी बंदीमा सूट काय शे, ते सांग."

खात्याला हे नवीन होतं. आजवर जो तो बंदी सोडा म्हणून सांगायला येई. तोही खाली बसला. म्हणाला, बाहेरची वस्तू आत येणार नाही, बाहेरचा हात लागलेला दाणाही नाही, चाक नाही, आणि आतलं काही बाहेर जाणार नाही.

"आनि मानूस उना तर?"

खात्या म्हणाला, "मानूस आत उना ते तो गावना व्हई जास. मंग अमावास्यानी पूजा व्हवापावत त्याले बाहेर जाता येस नही."

"त्याना डोकावर ओझं ऱ्हायनं तर?"

"जो गावना, त्यानं ओझं बी गावनं."

"आनि त्याना बैल?"

खात्यानं बाकीच्या तिघांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. "बैल बी."

झालं. तिला हवं ते मिळालं होतं. बाहेरच्या माणसाला आत यायला मनाई नव्हतीच, मनाई होती ती परत जायला. पण तापानं भरलेल्या आणि दाणे संपलेल्या गावात स्वतःला कोंडून घ्यायला कोण जाणार? रेंग्यानं मान खाली घातली. त्याच्या घरी लहान लेकरं होती. भुवासा त्याला म्हणाली, "तू नको येऊ. तुन्हं घर वाट देखी ऱ्हायनं." मग तिनं बैल सोडायला सांगितले. दोन्ही बैलांच्या पाठीवर जेवढ्या मावतील तेवढ्या गोण्या लादून बांधून घेतल्या. बाकीच्या गोण्या गाडीतच राहिल्या. तिनं ओढणी खोचली, बैलांचे कासरे हातात घेतले आणि सुताखालून वाकून आत गेली.

रेंग्या पायी खांडबाऱ्याला आला. त्यानं दुकानात येऊन आधी सांगितलं की बैल आत गेले, मग सांगितलं की शेठाणीही गेली. आजोबा गादीवरून उठले ते चपला घालायचे विसरले.

ते पोचले तोवर दुसरा दिवस उजाडला होता. बहीण सुताच्या पलीकडे, भाऊ अलीकडे. ते बोलले मारवाडीत, मी मराठीत सांगते. आजोबा म्हणाले, "बाईसा, बाहेर या. हे तुमचं काम नाही. मी ह्यांच्या भगताला काय हवं ते देतो, पूजा आजच करा म्हणावं."

"आणि तुझ्या घरी कोणी अठ्ठाईत असताना मी येऊन म्हटलं की आजच सोडा, तर?"

आजोबांनी तो विषय सोडला. मग म्हणाले, "तर मीही आत येतो."

"येड्यासारखं बोलू नकोस. तुझ्या दारात रांग बसली आहे, ती कोण बघणार? ह्या गाडीतल्या गोण्या घेऊन जा, पुढच्या पाड्याला दे. इथे आत आलंय तेवढ्यात मी अमावास्या गाठते."

"आणि नाही पुरलं तर?"

"पुरवते म्हटलं ना!"

आजोबा सांगायचे की त्या वेळी त्यांना तिचा इतका राग आला होता की रडू आलं. मला ते अगदी पटतं. ज्याच्यावर आपला जीव आहे तो माणूस बरोबर वागत असला की त्याला अडवता येत नाही, आणि मग त्याच्यावर राग काढण्यापलीकडे आपल्या हातात काही उरत नाही. दुसरी बैलजोडी जुंपून ते गोण्या घेऊन गेले.

आता आतली गोष्ट. बंदी सुरू झाली की वाघझिरीत घरोघरच्या चुली विझवत. सगळ्या गावाचा विस्तव एकच, तो गंगीबाईच्या अंगणात. गंगीबाई गावातली सगळ्यात वयस्कर बाई, पाठीत वाकलेली. एकच मोठं मडकं चढायचं आणि त्यातलं सगळ्यांनी खायचं. कोणाकडे काय लपवलेलं आहे, कोण चोरून शिजवतंय, हा प्रश्नच नाही. भुवासाला ही रीत फार आवडली. गोण्या तिनं गंगीबाईच्या ओट्यावर लावल्या, आणि दोघी मिळून पायली घेऊन मोजायला बसल्या.

माणसं मोजली, दाणे मोजले. पुरत नव्हते. पातळ पेज केली तरी अमावास्येच्या बऱ्याच आधी गोण्या रिकाम्या होणार होत्या. गावाकडे दुसरं होतं काय? जंगलात उकरून काढलेले कडू कंद. ते चिरून, उकडून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवले की त्यांचा कडवटपणा जातो आणि खाता येतात. नुसते खाल्ले तर पोट बिघडतं, तापातून उठलेल्याला झेपत नाहीत. पण दाण्यांबरोबर शिजवले तर दाणा दुप्पट दिवस पुरतो. सगळ्या गावाला हे माहीत होतं. कंदांची टोपली मडक्याशेजारी तयार होती. तरी गंगीबाईनं त्यातला एकही तुकडा मडक्यात टाकला नाही. ती भुवासाकडे वळली.

"शेठानी माय, दाना तुन्हा शे. कंद टाकू का नको, तू सांग. आम्हले मालूम शे, तुम्ही लोके कंद खातस नही."

तिनं स्वतःच टाकला असता तर भुवासाला तोंड फिरवून बसता आलं असतं. पण गंगीबाईनं विचारलं. देणाऱ्याचा मान राखला, आणि त्या मानानं भुवासाला पेचात धरलं. आता तिला स्वतःच्या तोंडानं सांगायचं होतं. मडक्याभोवती माणसं बसली होती, लहान मुलं विस्तवाकडे तोंड करून गप्प होती, आणि मुलं गप्प असणं हे भुकेचं सगळ्यात वाईट लक्षण. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला टोपलीतल्या प्रत्येक तुकड्यात तिच्या डोळ्यांना दिसणारे अनंत जीव. जी बाई सोंड्यांसाठी गोण्या फोडते, तिला हा प्रश्न सोपा नव्हता. ज्यांना तो सोपा वाटतो त्यांनी तिच्यासारखं काही मानलेलंच नसतं, असं मला वाटतं.

"टाक," भुवासा म्हणाली. "पाप मन्हं."

गंगीबाईनं टोपली मडक्यात उपडी केली.

ते शब्द भुवासानं लपवले नाहीत. पुढे कितीतरी महिन्यांनी साध्वीजी पायी विहार करत खांडबाऱ्याला आल्या, तेव्हा तिनं आपण होऊन त्यांच्यासमोर सगळं सांगितलं आणि प्रायश्चित्त मागितलं. त्यांनी दिलं काय, तर उपास! ते तिनं आनंदानं केले. बिरादरीतल्या काहींनी तोंडं वाकडी केली, ती तिनं बघितलीसुद्धा नाहीत.

पण वाघझिरीत त्या दिवशी जेव्हा सगळ्यांना वाढून झालं, तेव्हा गंगीबाईनं तिच्यासमोरही वाडगं ठेवलं. भुवासानं हात जोडले. "मी खावाव नही. मन्ही अठ्ठाई चालू व्हयनी आजपासून."

गंगीबाईला अठ्ठाई म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. आठ दिवस? नुसतं पाणी? आणि हे आपण होऊन? दुष्काळात, जिथे प्रत्येक जण घासाच्या मागे धावतोय, तिथे कोणी आपल्या मर्जीनं जेवत नाही, हे ऐकून आसपासच्या बायकांना हसू फुटलं. बऱ्याच दिवसांनी त्या अंगणात कोणी हसलं, असं भुवासा सांगायची. तिला त्याचा मुळीच राग आला नव्हता. तिचा वाटा वाचला, तो दुसऱ्याच्या पोटात जाईल, एवढाच तिचा हिशेब होता. खायचं तर मडकं एकच, आणि त्यात कंद. वेगळी चूल मांडायची तर बंदी मोडते. उरला उपास, आणि उपासात तिला कोणी हरवणार नव्हतं.

माझा उपासावरचा राग इथे जरा अडखळतो. आमच्या घरातले उपास गादीवर व्हायचे. हा उपास दिवसभर कामात होता. ती स्वतःसाठी पाणी उकळायची, तर गंगीबाईच्या विस्तवावर दुसरंही मडकं चढायला लागलं आणि तापातली माणसं तेच गरम पाणी प्यायला लागली. ती घराघरांत जाऊन पडलेल्यांना उठवून बसवायची, पेज पाजायची. ज्या घरात सगळेच अंथरुणाला खिळलेले, तिथे तिनं झाडलोटही केली. मांस शिजलेल्या घरात ही बाई एरवी उंबऱ्याच्या आत पाय टाकायची नाही. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर तिला उभं राहिलं की अंधारी यायची, मग ती भिंत धरून चालायची. खात्यानं एकदा तिला सांगून पाहिलं की शेठाणी, आता पुरे, खा. तर ती म्हणाली, "तू अमावास्या आधी सूत तोडशी का?" खात्या गेला.

दाण्याची पायली रोज गंगीबाईच मोजायची. भुवासाला वाकून गोणीत हात घालवेना. त्या आठवड्यात दोन माणसं तापानं गेली, एक म्हातारा आणि एक बाळंतीण. भुकेनं कोणी गेलं नाही. बाळंतिणीचं भुवासाला आयुष्यभर वाईट वाटत राहिलं, तिचं नाव ती कधी घेत नसे.

अमावास्येला खात्यानं पूजा केली. खुंटांवर नवा शेंदूर लावला, काहीतरी पुटपुटला, आणि विळ्यानं सूत तोडलं. पलीकडे आजोबा भरलेली गाडी घेऊन सकाळपासून उभे होते. सूत तुटलं तसे ते धावत आत आले.

आमच्यात एवढ्या मोठ्या उपासाचं पारणं घरच्यांच्या हातून होतं. पहिला घोट कोणी पाजायचा यासाठी भांडणं होतात, कारण त्यात मोठं पुण्य समजतात. आजोबांनी पितळेच्या लोट्यात मुगाचं पाणी आणलं होतं, कापडानं झाकून, गाडी हिसके देईल म्हणून स्वतःच्या हातात धरून. भुवासा गंगीबाईच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. आधी गाडीतले दाणे उतरवून घरोघर वाट, मग पारणं, असं तिनं फर्मावलं, त्यात बराच वेळ गेला, आणि मग आजोबा गुडघ्यावर बसले, लोट्याचं कापड सोडलं.

तेवढ्यात गंगीबाई आतून मातीचा वाडगा घेऊन आली. वाडग्यात ज्वारीची पेज होती, पांढरी, घट्ट.

"हाऊ तुन्हा वाटा शे, माय," ती म्हणाली. "रोज कंद टाकाना पहिले एक मूठ दाना बाजूले काढेल शे. आज सूत तुटताच येगळी चूल पेटाडी, येगळा मडकामा शिजाडेल शे. कंद लागेल नही."

भुवासाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिच्या अंगात होता नव्हता तेवढा जोर आवाजात आला. "लेकरे उपाशी व्हतात, आनि तुम्ही हाई जपी ठेवं? कोनले इचारीसन?"

अंगणात सगळं गाव जमलेलं होतं. कोणी खाली पाहिलं नाही. भुवासा घराघरांत फिरत असताना रोज त्यांच्या डोळ्यांसमोर ती मूठ बाजूला पडत होती, ओट्यावर उघड्या टोपलीत, आणि तिला कोणाचा हात लागला नव्हता. एकट्या भुवासालाच ते माहीत नव्हतं.

गंगीबाई म्हणाली, "तू नही खादं, ते तुन्हं व्रत. आम्ही तुन्हा वाटाले हात लावा नही, हाई आम्हनं."

भुवासानं भावाकडे पाहिलं. आजोबांनी लोट्यावर परत कापड बांधलं आणि बाजूला सरकून गंगीबाईला जागा करून दिली.

"मन्हा हाते नही," भुवासा गंगीबाईला म्हणाली. "आम्हना मा पारणं दुसरानी करावानं ऱ्हास. तू भरव."

गंगीबाई तिच्याशेजारी बसली आणि बोटांनी एकेक घास भरवत राहिली. पेज संपायला खूप वेळ लागला. अर्ध्यातच भुवासाचं पोट दुखायला लागलं होतं, इतक्या दिवसांनी एवढं घट्ट अन्न उतरत नाही, आजोबा थांबा थांबा म्हणत होते. ती थांबली नाही. वाडगा रिकामा झाल्यावर तिनं तो स्वतःच्या हातात घेतला, त्यात गरम पाणी ओतलं, आतून बोट फिरवून चिकटलेला शेवटचा दाणा सोडवला, आणि ते पाणीही पिऊन टाकलं.